रिजेक्शनखाली गेलेलं शेत: झाडं लावू की नुसतं राखू?

व्हाळकाठ:
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा सविस्तर विचारतो, कारण थोडक्यात विचारला की सगळे "झाडं लावा" एवढंच सांगून मोकळे होतात.

गोव्यात डिचोली तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी आमचं वडिलोपार्जित शेत आहे. आजोबांच्या वेळी सरद (पावसाळी) आणि वायंगण (हिवाळी) अशी भाताची दोन्ही पिकं निघायची, व्हाळाचं म्हणजे ओढ्याचं पाणी मार्चपर्यंत पुरायचं. मग वर लोहखनिजाची खाण आली आणि तिच्या रिजेक्शनचा, म्हणजे टाकाऊ माती-दगडांचा डंप नेमका आमच्या व्हाळाच्या तोंडाशी पडला. पहिल्या पावसात घोटाभर लाल गाळ आला. पुढच्या काही वर्षांत मेरा (शेतांमधले बांध) दिसेनाशा झाल्या. मी कॉलेजात होतो तेव्हा बाबांनी शेवटची लावणी केली. एका रात्रीच्या पावसात सगळी रोपं गाळाखाली गेली. सकाळी बाबा बांधावर नुसते उभे होते, ते अजून डोळ्यांसमोर आहे. खाण थांबली, डंप आहे तिथेच आहे.

गेल्या महिन्यात मी कुदळ घेऊन खणून बघितलं. वरचा दीड हात विटकरी चिकट माती, सुकली की फरशीसारखी तडकणारी. त्याखाली एकदम करडी, मऊ, बोटांनी चुरगळता येणारी माती लागली. ती आमची जुनी जमीन. मूठभर घरी आणून आईला दाखवली, तिने ती तुळशीत घातली.

आता तीन मतं आहेत. शहरातला एक गट पाचशे रोपं फुकट लावून द्यायला तयार आहे. चुलतभाऊ म्हणतो, भराव घालून विकून टाकू. आई म्हणते, काही करू नका, नुसतं राखा. तुम्ही काय कराल?

भिरंडसोल:
विकू नका. बाकीचं जाणकार सांगतील.

रानभूल:
व्हाळकाठ दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शेतात नाही, डोंगरावर आहे. वरून गाळ येणं जोवर थांबत नाही तोवर खाली पाचशे काय, पाच हजार रोपं लावलीत तरी ती बाबांच्या लावणीच्याच वाटेने जातील.

आपल्याकडे एक टन लोहखनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन रिजेक्शन बाहेर पडतं. ते ढिगारे खाणीच्या लीजमध्ये (भाडेपट्ट्याच्या जमिनीत), लीजबाहेर, मिळेल तिथे रचलेले आहेत. त्यात सेंद्रिय अंश जवळजवळ नाही, नत्र आणि स्फुरद अगदी कमी, आणि उतार असा उभा की बी पडलं तरी पहिल्याच सरीत वाहून जातं. नशीब एवढंच की आपलं खनिज ऑक्साइडचं आहे. गंधकाच्या खनिजांच्या खाणींतून जसं आम्ल पाणी झिरपतं, तो त्रास इथे सहसा नाही. आपला शत्रू गाळ आहे, आणि गाळाला दगड, गवत आणि मुळं अडवू शकतात.

म्हणून आधी व्हाळाच्या वाटेने वर चढा. पाणी कुठून सुटतं, कुठे घळ पडली आहे, कुठे वेग घेतं ते पायांनी बघा. घळीत टप्प्याटप्प्याने सुके दगडी बांध घाला, जास्त उंच नकोत, गुडघाभर पुरे. त्यांच्या मागे गाळ साचला की त्यावर वाळा लावा. त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात.

आणि एक सोपी गोष्ट करा. मोठा पाऊस पडला की बांधाच्या वरून एक आणि खालून एक अशा दोन सारख्या बाटल्या पाणी भरा, रात्रभर हलवू नका, सकाळी तळाचा गाळ बोटांनी मोजा. कुठलीही प्रयोगशाळा लागत नाही.

निवृत्त मास्तर:
रानभूल यांचं बरोबर आहे. नवीन मंडळींसाठी थोडा इतिहास जोडतो, कारण हा डंप कोणाचा हे कळल्याशिवाय तो कोणी आवरायचा हे ठरत नाही.

पोर्तुगीज काळात खाणींची कन्सेशनं (खाणकामाचे हक्क) दिली गेली. १९८७ च्या कायद्याने ती रद्द होऊन त्यांची लीजं झाली. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला. त्याच सप्टेंबरात सरकारने आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की जुन्या लीजांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती. वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा आली, आणि विक्रीच्या रकमेतला दहा टक्के वाटा पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायला सांगितलं. तरी नूतनीकरण झालंच. मग ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ लीजं रद्द ठरली आणि मार्चच्या मध्यावर सगळं पुन्हा थांबलं. २०२२ च्या डिसेंबरात लिलाव झाले, ज्यात डिचोली, शिरगाव-मये हे ब्लॉक होते.

मी ज्या शाळेत होतो तिथे पावसाळ्यात मुलं यायची तेव्हा गुडघ्याखालचा गणवेश लाल असायचा. धुऊन जात नसे. आया सांगायच्या, मास्तर, पांढरा रंग बदला हो.

टिप्परवाला:
मास्तर, आदर आहे. पण तुमच्या इतिहासात आम्ही कुठे आहोत? २०१० साली कर्ज काढून टिप्पर घेतला. त्या वर्षात गोव्यातून ५ कोटी टनांच्या वर माल गेला, वाटलं दहा वर्षं तरी चालेल. दोन वर्षांत चाकं थांबली. बँकेचे हप्ते थांबले नाहीत. माझ्या वाड्यावर अकरा टिप्पर गंजत होते. कोणाचा मुलगा हॉटेलात गेला, कोणाचा जहाजावर.

मला डोंगर हवाच आहे. माझ्याच घरची विहीर आटली होती, मला कोणी पर्यावरण शिकवायला नको. पण जमीन राखा म्हणताना पोट कशाने राखायचं तेही सांगा.

निवृत्त मास्तर:
तुमचं म्हणणं मला लागलं. माझ्याकडून ते राहून गेलं हे खरं. तुमच्या वाड्यावरची तीन मुलं माझ्या वर्गात होती.

रानभूल:
टिप्परवाले दादा, खरं उत्तर देते. घळी बांधणं, डंपाचे उतार टप्पे पाडून कमी करणं, गाळ उपसणं, ही सगळी टिप्पर आणि जेसीबीची कामं आहेत. ज्यांनी तो डोंगर हलवला त्यांना तो कुठे सैल आहे हे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज निधी आला, तो खाणबाधित लोकांसाठी आणि भागांसाठीच आहे, आणि पिण्याचं पाणी, पर्यावरण ही त्यातली अग्रक्रमाची कामं आहेत. त्यातून मजुरी मिळायला हवी असा ठराव ग्रामसभेत घ्या. मी मसुदा लिहून देते.

टिप्परवाला:
मसुदा पाठवा. ग्रामसभेत मी उभा राहतो.

पणजीचा_पाहुणा:
एक शंका. डंप हिरवे करायचेच तर ऑस्ट्रेलियन अकेशिया लावून मोकळं का होत नाही? साखळीकडे जाताना कितीतरी जुने डंप आता जंगलासारखे दिसतात.

कुळागर:
दिसतात, दादा. एकदा आत शिरून बघा. मी आमच्या मागच्या डंपावर नेहमी जातो. खाली कोयतीच्या आकाराच्या वाळलेल्या पानांचा थर, पायाखाली कुरकुर वाजतो. ती पानं लवकर कुजत नाहीत. फुलपाखरू नाही, उडी नाही, शीळ नाही. अर्धा तास बसलो तर एक कावळा आला. त्याच डंपाच्या कडेला जिथे कोणी काही लावलं नव्हतं तिथे धायटी, कुडा, करवंद, चांदाडा आपोआप आले आहेत आणि तिथे बुलबुलांची नुसती जत्रा.

रानभूल:
कुळागर काकांचं निरीक्षण बरोबर, पण अकेशियाला अगदीच वाईट म्हणवत नाही. ते नत्र धरतं, उघड्या मातीवर पहिली सावली तेच देतं. चूक लावण्यात नव्हती, लावून तिथेच थांबण्यात होती. वीस-पंचवीस वर्षांच्या राईत मी बघितलं आहे, पक्षी फांदीवर बसतात, विष्ठेतून चांदाड्याचं, जांभळाचं बी पडतं, आणि अकेशियाच्या आडोशाला आपली रोपं उभी राहतात. अशा ठिकाणी मधली मधली झाडं विरळ करायची आणि खालच्या रोपांना उजेड द्यायचा. फक्त तोडायला वन खात्याची परवानगी लागते, १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे.

मुळांबद्दल आणखी एक. नुसती रोपं लावून ती मरतात, कारण डंपाच्या मातीत मुळांशी राहणारी बुरशीच नसते. गोवा विद्यापीठात खाणीच्या पडीक जमिनीवरच्या अशा बुरशीवर चांगलं काम झालं आहे. घरगुती उपाय म्हणजे जवळच्या जुन्या रानातली मूठभर माती प्रत्येक खड्ड्यात घालायची. विरजण लावतो तसं. आईंनी मूठभर माती तुळशीत घातली असं व्हाळकाठ लिहितात तेव्हा मला तेच आठवलं.

अबोली:
विरजण! हे मी लक्षात ठेवणार.

खाजनवाली:
सगळे डोंगराबद्दल बोलता आहात, मी नदीच्या खालच्या टोकाला आहे म्हणून लिहिते. आमची खाजनं मांडवीच्या काठी. तुमच्या व्हाळातला गाळ डिचोली नदीतून, वाळवंटीतून शेवटी आमच्याकडेच येतो. वरून खनिजाच्या बार्जा जायच्या, पाण्याला लाल झाक असायची, भरतीला मानशीची (बांधातल्या झडपेची) दारं उघडली की तीच झाक पोयीत, म्हणजे आतल्या तळीत.

खाजन म्हणजे माणसाने हजारो वर्षांत समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. मातीचा बांध, मानस, मागे पोय, आणि पावसाने खार धुऊन गेला की कोरगुट भात. कोरगुटाला खारं पाणी सोसतं. पण बांध एकदा फुटला आणि दोन-तीन वर्षं कोणी बांधला नाही, की खारफुटी आत येते. मग वन खातं म्हणतं हात लावू नका, शेतकरी म्हणतो माझं शेत गेलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. आमच्या गावात यावरून दोन भाऊ बोलत नाहीत.

सांगायचं एवढंच की प्रत्येक ठिकाणी झाडं म्हणजे सुधारणा नव्हे. आमच्याकडे सुधारणा म्हणजे बांध. तुमच्याकडे कदाचित मेर.

सत्तरीकर:
+१. आणि सडे, म्हणजे जांभ्याची कातळ पठारं, विसरू नका. मागच्या वर्षी आमच्याकडे "ओसाड सड्यावर वनीकरण" म्हणून जांभ्यात खड्डे मारले. सडा ओसाड नसतोच. ऑगस्टात येऊन बघा, वितभर मातीवर निळ्या-पिवळ्या फुलांचा गालिचा असतो, कातळाच्या खळग्यांत बेडकांची अंडी. तिथे झाड लावणं म्हणजे बरं असलेल्या माणसाला औषध पाजणं. खाणीने जे उकरलं ते भरा, जे उकरलं नाही ते तसंच राहू द्या.

उलट आमच्या निरंकाराच्या राईत बघा. पाण्यात उभी असलेली रानजायफळाची झाडं, चिखलातून गुडघ्यांसारखी वर आलेली मुळं. ती राई कोणी लावली नाही. देवाची म्हणून कोणी तोडली नाही, एवढंच केलं पूर्वजांनी. व्हाळकाठ यांच्या आई म्हणतात ते "नुसतं राखा" मला हलकं वाटत नाही.

पणजीचा_पाहुणा:
सड्याची चूक मीही केली असती. रोपं वाटण्याच्या एका कार्यक्रमात मी पैसे दिले होते, जागा कोणती होती ते आता विचारून घेतो.

सावंतवाडीकर:
सीमेपलीकडून लिहितो. सिंधुदुर्गातल्या कळण्यात २०२१ च्या पावसाळ्यात खाणीचा बांध फुटला आणि चिखल लोकांच्या बागायतीत शिरला. सुपारीच्या बुंध्याला चढलेली ती लाल रेघ मी पाहिली आहे. म्हणून दगडी बांध घालताना एकच मोठा घालू नका. छोटे अनेक. एक गेला तरी पुढचा धरतो.

अबोली:
विषय थोडा बाजूला नेते, राग मानू नका. लहानपणी पहिल्या पावसात मामाच्या शेतात चडणीचे मासे यायचे. नदीतून व्हाळात, व्हाळातून शेतात, मेरेवरून उड्या मारत. मामा कंदील आणि कोयता घेऊन निघायचा, आम्ही पाठीमागे. रात्री अकराला तिकलं (माशांचं तिखट कालवण) व्हायचं. आता कोणाच्या शेतात येतात का?

टिप्परवाला:
आमच्याकडे नाही. बाबा सांगायचे पोत्याने मिळायचे.

कुळागर:
आमच्याकडे कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) पाटात अजून येतात, थोडे. वरच्या अंगाला खाण नाही. मासा अंडी घालायला स्वच्छ, उथळ, संथ पाणी शोधत चढतो. गाळाने कल्ले भरले की चढेल कसा? अंड्यांवर गाळ बसला की ती गुदमरतात.

अबोली:
म्हणजे शेत बरं झालं की नाही ते मासा सांगेल.

उतारा_एक_चौदा:
मी कागदाकडे वळतो. बत्तीस वर्षं मामलेदार कचेरीत काढली.

व्हाळकाठ, आधी एक-चौदाचा (जमिनीच्या हक्कनोंदीचा) उतारा काढा. कूळ म्हणून नाव आहे की मालक म्हणून? दुसऱ्या रकान्यात कोण आहे? कुळाला मिळालेली जमीन असेल तर १९९१ च्या भूवापर कायद्याने ती शेतीशिवाय वापरता येत नाही. भातशेती असेल तर २०२३ च्या कायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. चुलतभावाला हे दोन्ही शांतपणे दाखवा. गाळाखाली गेली म्हणून ती भातशेती राहिली नाही असं कोणी सांगेल, ऐकू नका. झोन बदलायचे अर्ज कोण करतं यावरही नजर ठेवा, २०२४ मध्ये नगरनियोजन कायद्यातल्या ३९अ कलमाचा रस्ता उघडला होता. शेजारच्या सर्व्हे नंबरचीही सूचना वाचत चला.

दुसरं, वरची घळ कोणाच्या जमिनीत? सरकारी, कोमुनिदादची (गावकीची), आल्वारा (पोर्तुगीज काळात सनदेने दिलेली), की लीजमधली? मयेसारख्या ठिकाणी तर स्थलांतरितांच्या मालमत्तेचा वेगळाच गुंता. विचारल्याशिवाय दगड हलवू नका. माझ्या कारकिर्दीत चांगल्या हेतूने घातलेला बांध पाडावा लागल्याची दोन प्रकरणं झाली, दोन्ही वेळा मला वाईट वाटलं.

तिसरं, तुमच्या एकट्याच्या पट्टीने काही होणार नाही. व्हाळाच्या दोन्ही अंगांचे पाच-सहा मालक एकत्र या आणि पंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत तो व्हाळ, ती शेतं नोंदवा. सुर्ल्याची पुर्वतली राय याच जैवविविधता कायद्याखाली वारसा स्थळ झाली. सुर्ला खाणपट्ट्यातलंच गाव आहे. खाणपट्ट्यात जमीन राखता येते याचा याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही.

वाघोबा:
अभयारण्य घोषित केलं की झालं असं समजू नका मात्र. म्हादई अभयारण्य १९९९ चं, आणि जानेवारी २०२० मध्ये गोळावलीत वाघीण आणि तीन बछडे मेलेले सापडले. विषाने. ज्याची गाय गेली त्याला वेळेवर भरपाई आणि आदर मिळाला नाही तर कागदावरची हद्द जनावराला वाचवत नाही.

सत्तरीकर:
हे आमच्या दारातलं आहे म्हणून सांगतो, त्या महिन्यात गावात कोणी नीट जेवलं नाही. दोन्ही बाजूंनी.

व्हाळकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. खूप दिवस लिहिलं नाही कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

उतारा काढला. कूळ म्हणून आजोबांचं नाव, आणि मग बाबांचं. चुलतभावाला दोन्ही कायदे दाखवले, तो वादात शिरला नाही. नंतर स्वतःहून म्हणाला, वर चढायचं तेव्हा मला हाक मार.

व्हाळाच्या वाटेने चढलो तेव्हा आम्ही सात जण होतो. टिप्परवाले दादाही आले होते, धाग्यावर ओळख झाली आणि निघालं की त्यांचा वाडा डोंगराच्या पलीकडे. त्यांनीच दाखवलं की पाणी डंपाच्या माथ्यावरून सुटत नाही, खनिज वाहतुकीच्या जुन्या हॉल रोडच्या चाकोरीतून सुटतं. आम्ही आयुष्यभर चुकीच्या जागेकडे बोट दाखवत होतो. ती चाकोरी पंचायतीच्या परवानगीने आडवी फोडून पाणी बाजूच्या झाडीत वळवलं. त्याखालच्या घळीत नऊ सुके बांध घातले, दगड तिथलाच. वाळा कुळागर काकांनी दिला.

पाचशे रोपं नको म्हणून त्या गटाला कळवलं. ते आधी नाराज झाले, मग त्यांच्यातली चार मुलं दगड उचलायला आली. शेतात आम्ही काही लावलेलं नाही. एका कोपऱ्यात तीन वाफ्यांएवढा गाळ हाताने काढून करडी माती उघडी केली आहे, मेर परत घातली आहे. बाकीचं आईच्या म्हणण्याप्रमाणे राखलं आहे, गुरं येऊ देत नाही. काठावर किंदळ आणि माटी या रानझाडांची रोपं आपोआप उगवली, मोजली, एकोणीस आहेत.

आणि रानभूल ताई, बाटल्या. जूनच्या मोठ्या पावसानंतर वरची बाटली चार बोटं, खालची अडीच. जुलैत वरची साडेतीन, खालची दीड. खालच्या बाटलीतलं पाणी सकाळी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, पण पलीकडे धरलेलं बोट दिसत होतं. आईने दोन्ही बाटल्या ओसरीवर ठेवल्या आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

रानभूल:
अडीच बोटांवरून दीड! मला इथे बसून रडू येतंय. तारीख घालून दर पावसाची नोंद ठेवा. आणि त्या एकोणीस रोपांभोवतीचं गवत कापू नका, तेच त्यांना उन्हाळ्यात वाचवेल.

खाजनवाली:
आमच्या मानशीवरून धन्यवाद. तुमचा दोन बोटं गाळ आमच्याकडे यायचा वाचला.

अबोली:
आणि मासे?

व्हाळकाठ:
मासे नाहीत अजून, ताई. बेडूक आहेत. त्या तीन वाफ्यांत रात्री एवढे ओरडतात की चुलतभाऊ मोबाईलवर आवाज भरून दुबईला बहिणीला पाठवतो.

बांध क्रमांक चार परवाच्या पावसात डाव्या अंगाने वाहिला. सावंतवाडीकरांनी सांगितल्याप्रमाणे पाचव्याने धरलं. रविवारी सकाळी परत रचतो आहोत. टिप्परवाले दादा पहार आणतील, दोन घमेली कमी पडतात, कोणाकडे असली तर घेऊन या.

कुळागर:
माझ्याकडे तीन आहेत. वाळ्याचे ठोंबही आणतो.